फोटोच्या कडेचा हात

ताईचं कॅलेंडर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरा घरांत पोचायचं. म्हणजे पोचायचंच. छपाईवाल्याचं यंत्र रुसो, पोस्टमन आजारी पडो, त्यात खंड नाही. पाकीट फोडलं की प्रत्येक जण आधी आपलं तोंड शोधायचा, मग आपल्या मुलांची, आणि समाधान झालं की मग इतरांची तोंडं बघायची फुरसत व्हायची. एखाद्या घराला दोन पानं मिळाली आणि दुसऱ्याला तीन, तर संध्याकाळच्या आत फोन यायचा. ताई ऐकून घ्यायची, "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची आणि फोन ठेवायची. पुढच्या वर्षी ती काही बघत नसे, पण तोवर तक्रार करणाराही विसरलेला असे.

तीस वर्षं ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होती. शहराच्या पोटातून जाणारे सगळे नळ तिने कागदावर काढलेले. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत लक्ष घालतात, नाहीतर दुसऱ्याच्या संसारात. ताईने संगणक घेतला आणि डिजिटल स्क्रॅपबुक शिकली. म्हणजे चिकटवहीच, पण सगळी पडद्यावर. रंगीत कागद, फितीचे तुकडे, बटणं, सुकलेली पानं, फाटक्या कडा, सगळं त्यात मिळतं. माऊसने उचलायचं आणि फोटोच्या भोवती लावायचं. डिंक नाही, कात्री नाही, घरभर कपटे नाहीत. ताईच्या यजमानांना ही शेवटची गोष्ट फार आवडली होती.

कॅलेंडर हे वर्षाचं मोठं काम. बाकी किरकोळ चालूच असायचं: सुट्टीची शुभेच्छाकार्डं, वाढदिवसाच्या टोप्या, बाटल्यांवरची लेबलं, भिंतीवर लावायच्या झेंड्यांच्या माळा. घरात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की त्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची माळ ताईच्या फाइलीत तयार व्हायची. नाव तेवढं घालायचं बाकी.

आणि हे सगळं कचेरीच्या शिस्तीत. उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून येणार, सावली नेहमी उजवीकडे खाली पडणार. बटणाची असो की फुलाची. एकदा पुतणीने हौसेने एक कार्ड करून पाठवलं, त्यात फितीची सावली एकीकडे आणि फुलपाखराची दुसरीकडे. "या घरात दोन सूर्य उगवतात वाटतं," ताई म्हणाली. पुतणीने त्यानंतर कार्डं करायचा नाद सोडला. ताईच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि बसली असती तर तिचीही सावली ताईने तपासली असती.

सप्टेंबरात कॅलेंडरचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात मधला भाऊ घरी आला. हा मधला म्हणजे दोन बहिणींमध्ये अडकलेला, ताईपेक्षा चार वर्षांनी लहान आणि धाकटीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. जन्मभर निरोप्याचं काम करून त्याच्या चेहऱ्यावर कायमची दिलगिरी आलेली. तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला. यजमानांच्या गुडघ्याची चौकशी झाली. दोन बिस्किटं खाऊन झाली.

"बोल आता," ताई म्हणाली.

"धाकटीने निरोप दिलाय. म्हणजे, मी आपला सांगायचं काम करतो."

"ते कळलं. काय म्हणते?"

"कॅलेंडरात तिला घालू नकोस म्हणते. फोटो नको, वाढदिवसाच्या चौकटीत नाव नको. काहीच नको."

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठीक आहे. काढते."

"अगं, ती रागाने बोलली असेल. तू एकदा तिला फोन..."

"नको म्हणते ना? मग नको. नखसुद्धा दिसणार नाही तिचं."

मधल्याने तिसरं बिस्कीट उचललं. दोघींच्या भांडणात पडायचं नाही असा त्याने कानाला खडा लावला होता, आणि दर वेळी तो खडा कुठेतरी हरवायचा.

भांडण जुनं होतं, दोन वर्षांचं. आई शेवटची अडीच वर्षं धाकटीकडे होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. आईसाठी तिने पूर्ण वेळाची नोकरी अर्ध्या वेळाची करून घेतली. ताई दर रविवारी जायची, कॅमेरा घेऊन, आणि आईचे फोटो काढायची. आई गेली त्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर ताईने तिचा शेवटच्या दिवसांतला फोटो घातला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. भोवती पिवळा कागद, कोपऱ्यात चार लाकडी बटणं. फोटोत आईच्या नाकाखाली प्राणवायूची नळी होती. ताईने ती पुसली. फोटोच्या उजव्या कडेने एक हात आत आला होता आणि आईच्या खांद्यावर होता. ताईने तोही पुसला. खांद्यावरचा साडीचा पोत दुसऱ्या बाजूने उचलून त्या जागी इतका बेमालूम बसवला की तिथे कधी काही होतं हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

सगळ्यांनी वाहवा केली. किती प्रसन्न दिसते, अगदी आजारी वाटत नाही. फक्त धाकटीचा फोन आला तो वेगळा.

"नळी पुसलीस, समजू शकते," ती म्हणाली. "तो हात कुठे गेला?"

आणि ताई म्हणाली, "कुणाचा तरी हात मध्येच लोंबत होता. चित्र बिघडत होतं."

मग धाकटीने फोन ठेवला. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं बंद. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर ताईने नेहमीसारखं पाठवलं, ते न फोडता परत आलं. पाकिटावर फक्त ताईचा पत्ता, धाकटीच्या बारीक अक्षरात. आणि आता हा निरोप.

ताईने काम हातात घेतलं ते एखादा जुना नळ नकाशावरून काढून टाकावा तसं. रद्द झालेली वाहिनी, खोडायची, शेरा मारायचा, पुढे जायचं. जानेवारीत धाकटी अगदी टोकाला उभी होती, कड थोडी छाटली आणि काम झालं. मार्चमध्ये ती पुतण्याच्या मागे होती, तिथे ताईने संग्रहातली एक मोठी कुंडी आणून ठेवली. मेमध्ये तेरा जणांच्या बरोबर मध्यभागी. ती काढल्यावर मधोमध भगदाड दिसायला लागलं. मग ताईने डावीकडचे सहा आणि उजवीकडचे सहा एकमेकांच्या जवळ सरकवले. त्यात मधल्याच्या बायकोचा खांदा ताईच्याच पोटात गेला, पण लांबून कळत नव्हतं. जुलैपर्यंत ताईला या कामात एक प्रकारची गोडीच लागली. यजमानांना बोलावून ती विचारायची, "ओळखा, कोण नाही?"

यजमान जन्मभर औषधाच्या दुकानात बसलेले. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून त्यांची नजर तयार होती. "धाकटी नाही," ते न बघताच म्हणायचे.

"तसं नाही. बघून सांगा."

"बघायचं काय त्यात. कुंडी एवढी हसतमुख कशी दिसेल?"

वाढदिवसाच्या चौकटीही झाल्या. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला नेहमी धाकटीचा चेहरा असायचा, वर कागदी मुकुट. तो उचलला. चौकट रिकामी झाली. अठरा आणि वीस तारखा आधीपासून रिकाम्याच होत्या, तरी ही एकोणीस काही वेगळी दिसत होती. ताईने तिथे एक बटण ठेवलं. मग तेही काढलं.

ऑक्टोबर हा आईचा महिना. तिचा वाढदिवस त्यात, म्हणून ते पान आईचं. या वर्षीसाठी ताईने आधीच एक फोटो बाजूला काढून ठेवला होता: धाकटीच्या घराच्या दारातल्या तीन पायऱ्या आई उतरते आहे, खाली मधल्याची गाडी उभी आहे, आईच्या अंगावर निळी शाल. धाकटी तिच्या बाजूला, एक हात कोपराखाली, एक पाठीमागे.

धाकटीला काढणं अवघड नव्हतं. तिच्या मागे नुसती भिंत होती, आणि भिंतीसारखी भरायला सोपी गोष्ट नाही. अर्ध्या तासात पायरीवर आई एकटी उरली. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आई कलती दिसत होती. पडत होती असं म्हटलं तरी चाललं असतं. तिचं सगळं वजन एका बाजूला गेलेलं, आणि त्या बाजूला काहीच नाही. माणूस असं हवेवर टेकत नाही.

ताईने आईला सरळ करून पाहिलं. सात अंश फिरवलं तेव्हा खांदे समतल झाले, पण डावी चप्पल पायरीच्या वर उचलली गेली. चप्पल वेगळी कापून खाली आणली, तर पाय लांब झाला. पाय आखूड केला तर शाल लोंबायला लागली. दोन दिवस हे चाललं. आणि ज्या बाईने अख्ख्या शहराचं पाणी उतारावरून नेमकं वाहतं केलं होतं, तिला स्वतःच्या आईला तीन पायऱ्यांवर उभं करता येईना.

तिसऱ्या दिवशी तिला तोड सुचली. संग्रहात काठ्या होत्या, सात प्रकारच्या. तिने त्यातली गुळगुळीत तपकिरी, वाकड्या मुठीची घेतली, आईच्या हाताशी लावली, बोटं काठीच्या पुढे आणली, सावली उजवीकडे खाली टाकली. झकास जमलं. आई काठी टेकून सावकाश पायरी उतरत होती. ताई खुर्चीत मागे रेलली आणि यजमानांना हाक मारली.

यजमान चष्मा कपाळावर चढवून वाकले. "छान आहे. पण सासूबाई काठी कधी वापरायच्या?"

"नव्हती वापरत."

"तेच म्हणतो. मी त्यांना दोन काठ्या आणून दिल्या होत्या. एकीलाही त्यांनी हात लावला नाही. मग चालायच्या कशाच्या आधाराने?"

ते सहज बोलून चहा ठेवायला निघून गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं, औषधाचं प्रमाण विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. ताई मात्र पडद्यासमोर बसून राहिली. मग तिने काठी उचलून टाकली आणि संगणकावरची आईच्या फोटोंची पेटी उघडली. शेवटच्या अडीच वर्षांतले दोनशेच्या वर फोटो, एकेका रविवारचे. ती ते एकामागून एक बघत गेली, पण आता आईकडे न बघता कडांकडे बघत गेली. एकात हनुवटीखाली धरलेली वाटी. एकात पाठीमागून उशी सारणारी बोटं. एकात पांघरुणाचं टोक, आणि ते धरून कोपरापर्यंत कुणीतरी. हे सगळे फोटो ताईने स्वतः काढलेले. आईचं हसू नीट यावं म्हणून ती समोरून सूचना द्यायची: जरा वर बघ, आणखी थोडं डावीकडे, तिला सरळ बसव ना गं. आणि सरळ बसवलं जायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसतं. ताईला ते आता समोर दिसत होतं, आणि तिला फार लाज वाटली.

कचेरीत एक नियम होता. नकाशात चूक झाली तर नवा कागद घ्यायचा नाही. जिथे चुकलं तिथेच ब्लेडने खरवडायचं, तिथेच बरोबर रेघ मारायची आणि कडेला लिहायचं की दुरुस्ती केली, कुणी केली, कधी केली. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी जुन्या कागदावर विसंबून भलत्याच जागी खणतो. ताईने हा नियम चाळीस नवशिक्यांना शिकवला होता. तेव्हा ऑक्टोबरमध्ये कुठला फोटो जायचा हा प्रश्नच उरला नाही. खुर्चीतलाच. हातासकट.

तिने तो उघडायला घेतला. फाइल एकच होती. पुसलेला फोटो तिने त्याच नावाने, मूळ फोटोवरच सेव्ह केला होता. नळी, हात, सगळं पुसण्यात इतकी रमली होती की वेगळी प्रत ठेवायचं राहून गेलं होतं. ज्या बाईच्या घरी रद्द झालेल्या वीजबिलांच्याही दोन प्रती असतात, तिच्याकडे या फोटोची दुसरी प्रत नव्हती. कॅमेऱ्याचं कार्ड ती दर डिसेंबरात कोरं करायची. तेही कोरं.

दुसऱ्या दिवशी ती छपाईवाल्याकडे गेली. हा गृहस्थ बारा वर्षं तिचं कॅलेंडर छापत होता आणि बारा वर्षं तिचा ओरडा खात होता. त्याने जुन्या फाइली शोधल्या, त्यात छापलेलं पानच मिळालं. पिवळा कागद, चार बटणं, आणि स्वच्छ खांदा.

"बाई, तुम्ही थर मिटवून एकच चित्र करून पाठवता," तो म्हणाला. "त्यात खालचं काही राहत नाही. पुसलेलं ते पुसलेलं. नवीन काढा."

"नवीन कसं काढू? आई नाही आता."

छपाईवाला ओशाळला. "तसं नाही हो. हात म्हणालात ना तुम्ही. ज्याचा हात होता ते माणूस आहे ना?"

आहे. बसने चाळीस मिनिटांवर आहे. ताई घरी आली, तिने तो फोटो मोठा करून छापला आणि त्यावर पट्टी ठेवली. खिडकीच्या गजाची सावली आईच्या पोलक्याच्या दुसऱ्या बटणावर पडली होती. खिडकी कुठल्या दिशेला हे तिला ठाऊक होतं, आणि महिनाही हाच होता. म्हणजे सकाळचे अकरा, फार तर सव्वाअकरा. रविवार उजाडला तेव्हा तिने कॅमेरा, तो उभा करायचं तिकाटणं आणि छापलेला फोटो पिशवीत घातला. यजमानांनी विचारलं, "फोन केलास का आधी?"

"केला तर ती नाही म्हणेल."

"आणि न करता गेलीस तर?"

"तर तोंडावर म्हणेल," ताई म्हणाली आणि चपला घातल्या.

साडेदहाला ती त्या तीन पायऱ्या चढली. चढताना तिने एकदा कठड्याला हात लावायला बघितलं, तर तिथे कठडा नव्हता. हे तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. धाकटीने दार उघडलं. केस बांधायचे राहिलेले, हातात ओलं फडकं. तिने ताईला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तू इथे कशी?"

"तुझा हात हवाय," ताई म्हणाली. "उजवा. अर्धा तास."

धाकटीने फडकं खांद्यावर टाकलं. ती दारातून बाजूला झाली. ताई आत गेली. खुर्ची होती तिथेच होती, खिडकीपाशी, फक्त तिच्यावर आता इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. प्राणवायूचं यंत्र होतं त्या जागी शिवणाचं मशीन आलं होतं. ताईने पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. धाकटीने तो उचलला नाही, लांबूनच बघितला.

"हा मला कशाला दाखवतेस? पाहिलाय मी."

"हात परत घालायचाय. मूळचा नाहीये माझ्याकडे. मी त्याच्यावरच सेव्ह केलं."

"तू?"

"मी."

धाकटीच्या तोंडावर हसू येऊ बघत होतं, ते तिने गिळलं. "आणि कॅलेंडरात मी नको असं सांगितलं होतं. मधल्याने सांगितलं नाही का?"

"सांगितलं. तू कुठेच नाहीस. मार्चमध्ये तुझी कुंडी झाली आहे. हा फक्त हात आहे."

"कुणाचा तरी," धाकटी म्हणाली.

ताई टेबलाची कड धरून उभी राहिली. बसमध्ये तिने बरंच काही जुळवून ठेवलं होतं, क्रमवार, मुद्देसूद. त्यातलं एक अक्षर आता आठवेना.

"घड्याळ होतं त्या हातात," ती म्हणाली. "काळा पट्टा. तिसऱ्या भोकात अडकवलेला, आणि चौथं भोक फाटलेलं. पट्ट्याची एक बाजू उसवली होती."

धाकटी बघत राहिली. "तुला आठवतंय?"

"पुसायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला." ताईने टेबलावरचा फोटो सरळ केला. "हात कुणाचा ते मला माहीत होतं. कुणाचा तरी म्हणाले ते खोटं बोलले. तो हात तिथे असता तर सगळ्यांना दिसलं असतं, तिच्याजवळ कोण होतं आणि समोर कॅमेरा घेऊन कोण उभं होतं. मला ते बघवलं नाही. चुकलं माझं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. धाकटीने खुर्चीवरचे कपडे उचलले, पलंगावर नेऊन ठेवले, आणि कपाटाचा खालचा खण उघडला. तिथून ते घड्याळ निघालं. काटे सव्वाचारवर थांबलेले.

"बंद आहे," ती म्हणाली. "तिच्या गोळ्यांच्या वेळांसाठी घालायचे. नंतर सेल नाही घातला."

"फोटोत काटे दिसत नाहीत."

"माहीत आहे. तबकडी आत असायची." तिने घड्याळ मनगटावर चढवलं. पट्टा तिसऱ्या भोकात बसेना, दुसऱ्यात बसला. "थोडी जाड झाले मी."

"चालेल. मी तिसरं करीन."

"आणि नळी?"

"ती मी हाताने काढीन. जाडी किती होती?"

"पाच मिलीमीटर. कानामागून जाताना थोडी चपटी दिसते. आणि पांढरी काढू नकोस, हिरवट होती." धाकटी हे पाठ असल्यासारखं बोलली, आणि पाठच होतं.

अकराला पाच मिनिटं होती. ताईने तिकाटणं उभं केलं, उंची मोजली, कॅमेरा लावला. खांदा पाहिजे होता. तिने खुर्चीत पाठीला दोन उशा उभ्या केल्या आणि वरून शाल टाकली. धाकटीने त्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"असा नाही बसत तो. उशीवर नुसता पडतो."

"मग?"

"तू बस."

"मी बसले तर फोटो कोण काढणार?"

"त्या कॅमेऱ्याला दहा सेकंद थांबता येतं ना? मुलांचे वाढदिवस काढतेस तेव्हा धावत येऊन बसतेस की मध्ये."

ताईने टायमर लावला आणि खुर्चीत जाऊन बसली. या खुर्चीत ती आधी कधी बसली नव्हती. इथून समोर फक्त कॅमेरा दिसत होता, बाकी खोली मागे राहत होती. गजाची सावली तिच्या दुसऱ्या बटणावर येऊन थांबली होती. तिचं गणित बरोबर आलं होतं आणि ते कुणाला सांगायचं तिला सुचलं नाही.

हात खांद्यावर आला. तिला वाटलं होतं, टेकेल. फोटोत तो तसाच दिसायचा, मायेने ठेवल्यासारखा. पण तो टेकला नव्हता. बोटांनी खांद्याचं हाड पुढून धरलं, तळव्याने मागून आधार दिला आणि सगळा खांदा वर उचलून ठेवला. ताईची पाठ आपोआप सरळ झाली.

"इतकं घट्ट?"

"सोडलं की कलायची. तू सरळ बसव म्हणायचीस ना." धाकटी हे रागाने बोलली नाही. "हल आता. डावीकडे थोडी. आपलं वजन सोड, तिच्यासारखं."

ताईने वजन सोडलं. हात हलला नाही. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता, मग भराभर लुकलुकला, आणि खट्ट आवाज झाला.

ताई उठून कॅमेऱ्यापाशी गेली, धाकटी तिच्या मागोमाग. दोघींनी छोट्या पडद्यावर वाकून पाहिलं. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, सावली उजवीकडे खाली. बोटांची पेरं, पट्ट्याची उसवलेली शिवण, नखाजवळचा सुईचा टोचा, सगळं लख्ख आलं होतं. बारा वर्षांत ताईने इतका नेटका फोटो क्वचित काढला असेल.

"हलला," ताई म्हणाली. "परत घ्यावा लागेल."

धाकटी वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात होती. अंधूक काय आणि स्पष्ट काय, हे दिवसभर लोकांना विचारणं हेच तिचं काम. तिने पडदा जवळ घेऊन नीट पाहिला.

"हो, हलला," ती म्हणाली. "जा, बस."